पहिला काप

कानाच्या डॉक्टरांनी बाईंच्या समोरच सांगितलं, आणि बाईंना ते ऐकू आलं नाही. "डावा गेलाच आहे. उजवा अजून दोन महिने, फार तर तीन. नसच सुकत चालली आहे. मशीन लावून उपयोग नाही." बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतात?" मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "थेंब दिलेत." आणि एवढं बोलून गेल्यावर औषधांच्या दुकानातून खरंच कसले तरी थेंब विकत घेतले.

मला त्यांना एक शब्द म्हणायचा होता. तो ऐकायला आता त्यांच्याकडे दोन महिने होते. त्याआधीची अडतीस वर्षं काय करत होतीस, असं कुणी विचारलं तर मी तोंड लपवीन. कळत होतं, वळत नव्हतं. बाई माझ्या सावत्र आई. मी त्यांना आयुष्यात कधी आई म्हटलेलं नाही.

घोडं कुठे पेंड खातं ते सांगते. बाई मुळात माझ्या बालवर्गाच्या बाई. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, आणि त्याच वर्षी मी त्यांच्या वर्गात बसले. त्यांच्या गळ्यात लाल फितीला अडकवलेली एक छोटी बोथट टोकाची कात्री असायची, म्हणून सगळी शाळा त्यांना कात्रीबाई म्हणायची. माझे वडील रंगारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या भिंती रंगवायला गेले, आणि वर्गाच्या भिंतीवर राजवाडा काढून द्या म्हणून कात्रीबाई त्यांच्या मागे लागल्या. राजवाडा काढून व्हायला तीन आठवडे लागले. तीन आठवड्यांत माझ्या वडिलांनी आख्खी शाळा रंगवली असती, पण ते एकच भिंत रंगवत बसले. मी सहा वर्षांची असताना त्यांचं लग्न झालं.

त्या वर्गाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाई सगळं गोष्टीतून शिकवायच्या. आकडे शिकवायचे तर भिंतीवरच्या राजवाड्याला रोज नवी खिडकी चिकटायची, आणि आज किती राक्षस बाहेर डोकावतात ते मोजायचं. मुकुट करायचा तर पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक गोल, एक चौकोन, परत गोल. क्रम चुकला की म्हणायच्या, "राजाचं डोकं दुखेल बरं का." ओल्या कापसावर वालाचे दाणे ठेवायचे, ते जादूचे. जमिनीवर खडूची रेघ, तो दरीवरचा पूल, त्यावरून तोल सांभाळत जायचं. पडलेला मगरीच्या पोटात, म्हणजे टेबलाखाली. मी मुद्दाम पडायचे, कारण टेबलाखालून बाईंच्या चपला दिसायच्या आणि का कोण जाणे मला बरं वाटायचं.

आणि कात्री. कात्री त्या कुणाच्याही हातात अशी देत नसत. त्यासाठी पाखराची गोष्ट होती. राजाच्या घरी नवी राणी येते. सावत्र आई. ती राजकन्येसाठी पिसांचा झगा शिवते. राजकन्या झगा घालते आणि तिचं पाखरू होतं. ते खिडकीत बसून बाबांना हाका मारतं, पण बाबांना नुसती चिवचिव ऐकू येते. झगा एका लाल दोऱ्यानं बांधलेला असतो आणि तो दोरा फक्त लहान हातानंच कापता येतो. गोष्ट इथे आली की बाई पेटी उघडायच्या. आत प्रत्येकाच्या नावाचं पुठ्ठ्याचं पाखरू, भोवती लाल लोकर गुंडाळलेली. एकेकानं पुढे यायचं, बाई गळ्यातली कात्री काढून हातात द्यायच्या, आणि आयुष्यातला पहिला काप घ्यायचा. "अंगठा वर, आकाशाकडे. कात्री आणि तोंड, दोन्ही घाईत चालवायचं नाही." दोरा तुटला की पुठ्ठ्याची घडी उलगडायची आणि आत मुलगी. मी माझं पाखरू घरी आणून आठ दिवस उशाशी घेऊन झोपले होते. वर्गातल्या सगळ्या वस्तूंत ते मला सगळ्यात जास्त आवडलं, हे बाईंच्या लक्षात होतं.

लक्षात होतं म्हणूनच सगळा घात झाला. लग्नानंतर महिनाभरात बाईंनी माझ्यासाठी फ्रॉक शिवला. पोपटी रंगाचा, आणि मला पाखरू आवडतं म्हणून खिशावर पिवळ्या कापडाचं पाखरू शिवलेलं. आता तुम्हीच बघा. नवी आई. तिनं शिवलेला झगा. आणि त्यावर पाखरू. मला गोष्ट कुणी सांगितली होती? त्यांनीच. शेवट कुणी शिकवला होता? त्यांनीच.

घालून बघ म्हणाल्या. मी फ्रॉक घेऊन आतल्या खोलीत गेले, दाराला कडी घातली आणि त्यांचीच कात्री घेऊन बसले. आधी पाखरू कापलं. मग दोरा कुठे असेल ते कळेना, म्हणून प्रत्येक शिवण कापली. बाह्या, गळा, घेर. दार वाजत होतं तरी थांबले नाही. शेवटी वडिलांनी कडी उचकटली. त्यांनी माझ्यावर हात उगारला, पहिल्यांदाच, आणि बाईंनी तो वरच्या वर धरला.

मी म्हणाले, "मला पाखरू नाही व्हायचं."

बाई खाली बसल्या. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं, पण तेव्हा मला ते हरलेल्या राणीचं तोंड वाटलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काप सरळ आलाय. अंगठा वर ठेवला होतास ना?"

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी कधी काही शिवलं नाही. माझे कपडे दुकानातून यायचे, तेही वडिलांबरोबर जाऊन मी निवडलेले. ताटात वाढलेलं मी आधी वडिलांना खायला लावायचे, तर बाई स्वतःच पहिला घास खाऊन दाखवायला लागल्या, कधीही न चिडता. ते वेड वर्षभरात गेलं. पण तोवर 'बाई' जिभेवर बसलं होतं. आईला माणूस अगं म्हणतं, तू म्हणतं. मी घरातल्या घरात अहो बाई, तुम्ही बाई. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, किती दिवस शाळा भरवणार आहेस?" बाई म्हणायच्या, "राहू दे हो, सवय आहे तिला." पंधरा-सोळाव्या वर्षी मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. पण मग लाजेनंच तोंड बंद. इतक्या वर्षांनी एकदम आई म्हणायचं म्हणजे आधीचं सगळं कबूल करायचं. वडील गेले तेव्हा वाटलं, आता म्हणावं. माझं लग्न मोडून मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले, बाईंनी एक अक्षर न विचारता ट्रंक आत ओढली, तेव्हाही वाटलं. मी आपली म्हणाले, "बाई, ट्रंक जड आहे, मी घेते."

वर्गातली गोष्टही बाईंनी बदलली. सावत्र आई काढून टाकली. फ्रॉकच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गात झगा वारा आणून टाकायला लागला. वाऱ्याला कोण घाबरतं? गोष्ट पार पुळचट झाली. दुसऱ्या शिक्षिका हसायच्या, मोठ्या बाईंनी एकदा बोलावून विचारलंही. बाईंनी ऐकून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत वाराच सांगितला. माझ्यासारखं दुसरं कुणी वर्गात बसलेलं असलं तर, म्हणून.

तर डॉक्टरांकडून आलो, आणि त्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला. परीकथांचा आठवडा होता, नव्या बाईंनी मुलांकडून मुकुट, काड्यांच्या बाहुल्या, सगळं करून घेतलं होतं. जुन्या बाईंनी येऊन पाखराची गोष्ट सांगावी, पहिला काप त्यांच्याच हातून व्हावा, अशी त्यांची इच्छा. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाल्या, "जायचं. तू कान हो माझा." वर्गात चार-पाच वर्षांचे आवाज, ते त्यांना काय ऐकू येणार? मी दुकानातून सुट्टी काढली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते. लोकांना दिसायला लागतं, आमचं असं.

तेवीस पाखरं करायची होती. बाईंचा हात आता थरथरतो, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी कापायचं. लाल लोकर शोधायला मी त्यांचं सामानाचं कपाट उघडलं. चपलांचे खोके, प्रत्येकावर त्यांच्या गोल अक्षरात नाव: बटणं. काड्या. चमकी. अंड्यांचे ट्रे. चिंध्या. बाई घरातली चिंधी कधी फेकत नसत. वडिलांचा शर्ट, पडदे, उशीचे अभ्रे, सगळ्याचे मुलांच्या हातून राजे, कोल्हे, चेटकिणी झालेले आहेत. अगदी तळाशी एक खोका होता, त्यावर काही लिहिलं नव्हतं. आत पोपटी फ्रॉकचे तुकडे. घडी घालून, एकावर एक, आणि वरती पिवळं पाखरू. अडतीस वर्षांत त्यातला एक तुकडा कुठे लावलेला नव्हता.

मी झाकण लावलं आणि म्हटलं, "लोकर सापडली."

वर्ग तोच. भिंतीवरचा राजवाडा मध्ये कधीतरी कुणी पुन्हा रंगवला होता, पण उजव्या बुरुजाची वाकडी खिडकी वडिलांचीच. बाई छोट्या खुर्चीवर बसल्या, गळ्यात लाल फीत. मी त्यांच्या उजव्या बाजूला. मुकुट घातलेले तेवीस राजे-राण्या जमिनीवर. गोष्ट सुरू झाली. वाऱ्यानं झगा आणून टाकला, तसा एकानं हात वर केला. "तो शिवला कुणी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कानात सांगितलं, "विचारतोय, झगा शिवला कुणी."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, मी पुन्हा सांगायला वाकले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "खरं आहे बाळा," त्या म्हणाल्या, "वाऱ्याला कुठलं शिवता येतंय? नव्या राणीनं शिवला. सावत्र आईनं. तिला शिवण फार येत नव्हतं. पण मुलीला पाखरं आवडतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं खिशावर एक लावलं. जादूबिदू काही नव्हती त्यात. मुलीला वाटलं, आहे. लहान होती ना ती. चूक तिची नव्हती. तिला तशीच गोष्ट सांगितली होती कुणीतरी."

मी खाली बघत होते. एका मुलाच्या मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आला होता. तो अंगठा मी इतका वेळ पाहिला की आजही ओळखीन.

मग पेटी उघडली. एकेक पोर पुढे आलं, कात्री गळ्यातून निघाली, अंगठा वर, आकाशाकडे. बाईंचा हात मुलांच्या हातावर धरला की थरथरत नव्हता, हे मी पाहिलं. शेवटी एक मुलगी उरली. पुढचे दोन दात पडलेले, म्हणून बाईंनी तिला खिडकी म्हणायला सुरुवात केली होती. खिडकीनं दोरा कापला, घडी उलगडली, आतल्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग ती राणीला आई म्हणाली का?"

"काय म्हणतेय?" बाईंनी मला विचारलं.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी त्यांच्या कानाशी वाकले. इतका जवळ कान होता. तिथे तो शब्द म्हणण्यासाठी मला दुसरं निमित्त लागणार नव्हतं. प्रश्न जसाच्या तसा सांगितला असता तरी तो माझ्या तोंडून निघाला असता. मी म्हटलं, "विचारतेय, पाखरू घरी नेऊ का."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "परत म्हण, राणी. सावकाश." खिडकीनं तोंड मोठं करून परत म्हटलं. तीस वर्षं बोबडी पोरं सांभाळलेली बाई. ऐकू येत नसलं तरी पोरांचे ओठ त्यांना वाचता येत होते.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"कात्री आणि तोंड घाईत चालवू नये, सांगितलं ना मघाशी?" मुलं हसली. बाईही हसल्या. "आणि पाखरू घरी ने हं," असं त्यांनी तिला वरून सांगितलं. म्हणजे माझं खोटंही त्यांनी सांभाळून घेतलं.

घरी येताना बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. बाई खिडकीच्या बाजूला, म्हणजे उजवा कान काचेकडे आणि गेलेला कान माझ्याकडे. जागा बदलू का, असं विचारायला हवं होतं. मी तेच कारण धरून बसले. ह्या आवाजात नको, घरी गेल्यावर. घरी गेल्यावर त्या दमल्या होत्या, म्हणून उद्या. उद्या दुकान होतं. हे मी स्वतःला समजावत नाही, सांगतेय नुसतं. डॉक्टर दोन महिने म्हणाले होते ना, मग घाई कसली? मलाही तेच शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंना साधी सर्दी झाली. चौथ्या दिवशी सकाळी मी मागून विचारलं, "बाई, पाणी तापलंय, ठेवू का?" त्या वळल्या नाहीत. मी पुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आज फारच शांत आहे गं बाहेर."

आता पाटी आहे. औषध घेतलं का, पाहुणे येणार आहेत, वीज गेली आहे, सगळं मी पाटीवर लिहिते. मग तोही शब्द लिही की, असं तुम्ही म्हणाल. एकदा लिहिला, आणि दाखवायच्या आधी पुसला. लिहिलेला तो शब्द त्यांना कमी मिळाला आहे का? दरवर्षी पंचवीस पोरं पहिल्यांदा लिहायला शिकली की तोच लिहून त्यांच्यापुढे धरायची, आणि त्या खाली लाल पेन्सिलीनं चांदणी काढायच्या. माझ्याकडून तो ऐकायचा राहिला होता.

मग मी तो बिननावाचा खोका काढला. शिवण मला येत नाही. तरी दुपारी दुकानातून जेवायला आले की रोज तासभर, बाई दुपारची झोप काढून उठायच्या आत, आतल्या खोलीत बसून तुकडे जोडले. बाह्या, गळा, घेर. महिना लागला. शेवटी खिशावर पाखरू लावलं. सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं शिवलेला.

रविवारी सकाळी त्या उन्हात बसल्या होत्या, कात्री नेहमीसारखी गळ्यात. मी फ्रॉक त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी लगेच ओळखला. हात फिरवला, पाखराच्या चोचीशी थांबल्या, मग घेर उलटा करून आतली शिवण बघायला लागल्या. चष्मा नाकावर घसरला, मान पूर्ण खाली. मी समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. भिंतीपलीकडे काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं, एवढ्या मोठ्यानं. दुसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा मला रडू आलं म्हणून तो शब्द नीट निघालाच नाही.

बाईंची मान खालीच होती. बोट शिवणीवरून पुढे पुढे सरकत होतं, वह्या तपासताना सरकायचं तसं. बाहीच्या खाली येऊन ते थांबलं.

"इथे टाका वाकडा आलाय गं," त्या म्हणाल्या. "उसव, आणि परत घाल."

मी त्यांच्या गळ्यातली कात्री काढून घेतली आणि उसवायला बसले.